गाडीतल्या शेवया

"काढा वं बायाहो, काढा! सव्वातीन झाले. मांगच्या वर्षीसारख्या यंदाबी शेवया जंक्शनले पाठवाच्या हायेत का?"

तायडे गार्ड डब्याच्या दारात उभे होते. काखेत हिरवं आणि लाल निशाण, पायात चपला, टोपी मागे सरकलेली.

"पाठवा नं तायडेभाऊ," गोकर्णाबाई काठीवरची शेवयी दोन बोटांत चाचपत म्हणाली. "तुमच्या मोठ्या साहेबाले सांगा, शेवया आमच्या, दूध तुमचं."

बाया हसल्या. मी हसले नाही. माझ्या खांद्यावर अकरा आठवड्यांची माझी पोरगी सकाळपासून रडत होती आणि त्या रडण्यातून कोणाचंही बोलणं माझ्यापर्यंत नीट पोचत नव्हतं.

आमच्या खैरगव्हाणला रेल्वे संपायची. संपायची म्हणजे खरोखरच संपायची. दोन रूळ, त्यांच्या टोकाला आडवा ठोकलेला एक जाडजूड काळा स्लीपर, त्यावर कधीकाळी लाल रंग दिलेली पत्र्याची थाळी, आणि थाळीच्या पलीकडे बोबड्यांचं वावर. त्या स्लीपरला गाव 'आडवं' म्हणे. "आडव्यापाशी भेट," म्हटलं की कुठे ते सांगावं लागत नसे.

गाडी छोटी, दोन डब्यांची. सकाळी साडेअकराला यायची आणि दुपारी साडेतीनला परत जायची. दिवसात तेवढीच. मधले चार तास इंजिन एका बाजूला धापा टाकत उभं असायचं, ड्रायव्हर हबीबभाई आणि तायडे गार्ड निंबाखाली भाकर खाऊन लवंडायचे, आणि डबे रिकामे. आता चार तास रिकामी उभी असलेली सावली वापरायची नाही, असं आमच्या गावाच्या मनातही येत नसे. बुधवारी न्हावी डब्याच्या पायरीवर बसून दाढ्या करायचा. बोबड्यांचा म्हातारा रोज खिडकीशेजारच्या त्याच बाकावर झोपायचा. दुसरं कोणी बसलं तर गार्डाकडे तक्रार घेऊन जायचा. एकदा तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम त्या डब्यात झाला होता. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या घरची पायरी आधी चढायला तयार नव्हती, मग समोरासमोरच्या बाकांवर बसून पोहे खाल्ले.

आणि चैत्र लागला की डबा बायांचा. शेवयांना ऊन चालत नाही. उन्हात त्या पिवळ्या पडतात, तुटतात. त्यांना सावली हवी आणि वारा हवा, आणि धूळ अजिबात नको. आमच्या गावात धूळ नसलेली एकच जागा होती, ती म्हणजे ही उभी गाडी. या बाकाच्या पाठीवरून त्या बाकाच्या पाठीवर काठ्या टाकायच्या आणि त्यावर ओल्या शेवया सोडायच्या. खिडक्यांतून वारा आला की सगळा डबा पांढऱ्या पडद्यांसारखा हलायचा. तायडे गार्डांची अट एकच होती. गाडी सोडण्याआधी ते दोन्ही डब्यांतून चालत जायचे, वाकून बाकांखाली बघायचे, आणि तीनदा विचारायचे, "कोणाचं काही राह्यलं का?" डब्यात जो कोणी असेल त्याने उत्तर दिल्याशिवाय हिरवं निशाण हलायचं नाही, आणि उतारूही त्यानंतरच चढायचे. मागच्या वर्षी बाया बोलण्यात गुंतल्या आणि अकरा काठ्या शेवया तशाच जंक्शनला गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा एकही तुटली नव्हती. जातायेताना प्रवासी म्हणे माना वाकवून बसले होते.

मी लग्न होऊन या गावात आले त्याला दोन वर्षं झाली होती. वय एकोणीस. घरचे 'हे' जंक्शनला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. घरात सासूबाई आणि मी. सासूबाईंना सगळेच 'बाई' म्हणत, मीही म्हणायची. आणि ही पोरगी.

झोप. त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. साडी नको, माहेर नको, गोडधोड नको. अकरा आठवड्यांत सलग एक तास मी झोपले नव्हते. पोरीचं कुठे दुखत होतं कोण जाणे. वैद्यांनी पोट बघितलं, ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. ती रडायची, थकून पाच मिनिटं थांबायची, पुन्हा रडायची. भात शिजताना बुडबुड्यांकडे बघत उभ्याउभ्या माझा डोळा लागे. एकदा तापल्या तव्यावर मी हात टेकला आणि चटका कळायला मला वेळ लागला. विहिरीवर दोर ओढताना वाटायचं, या गार दगडावर डोकं ठेवून जरा पडावं, मग कोणी काही म्हणो.

बाईंना सांगून बघितलं.

"लेकरू हाये, रडनच," त्या म्हणाल्या. "तुहा नवरा दीड वर्स रडला. मी मेली का?"

त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. गुडघे सुजलेले असताना त्या पहाटे पाणी भरायच्या, माझ्या वाटचं सारवण करायच्या. त्यांनी सहा बाळंतपणं काढली, पण "जरा पोराला धर" असं कधी कोणाला म्हटलं नाही. म्हणून असं म्हणता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आईले सांग."

एकच गोष्ट पोरीला गप्प करायची. साडेतीनच्या आधी इंजिन बाजूच्या रुळावरून फिरून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला यायचं आणि डब्यांना जोडलं जायचं. जोडताना धक्का बसे, डबे दोन हात मागे, आडव्याच्या दिशेने सरकत, आणि लोखंडाचा एक लांब आवाज होई. त्या धक्क्याला माझी पोर एकदम थांबे. डोळे मोठे करून वर बघे आणि झोपून जाई. मला हे शेवयांच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि मग मी रोज दुपारी काम असो नसो डब्यात जाऊन बसू लागले. गाडी सुटायच्या आधीची ती दहा मिनिटं. मग गाडी सुटायची वेळ व्हायची, मी तिला उचलायची आणि ती जागी व्हायची.

त्या दिवशीही धक्का बसला. लोखंड वाजलं, शेवया एकदा हलल्या आणि पोर थांबली. डब्यात एकाएकी इतकं शांत झालं की मला माझेच कान दुखल्यासारखे वाटले.

"झोपली वाटते," गोकर्णाबाई हळूच म्हणाली. ती आमच्या शेजारची. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तोंड असं की गावातले बापे तिच्या दारावरून जाताना खोकून जायचे. "ठेव तिले बाकावर. मले काठ्या काढू लाग."

मी गोधडी दुमडून बाकावर घातली आणि पोरीला ठेवलं. ती जागी झाली नाही. ओठ मिटलेले, कपाळावर घामाचे बारीक थेंब. मी काठ्या काढल्या. बायांनी शेवया अलगद साड्यांत घेतल्या.

"माह्या वल्ल्याच हायेत अजून," गोकर्णाबाई कुरकुरली. "आंब्याखाली टाका लागतीन. धूळ खातीन मेल्या."

एकेक करून बाया उतरल्या. तायडे गार्ड त्या टोकाकडून वाकून वाकून बघत आले. "कोणाचं काही राह्यलं का?" पुढून कोणी "नाही जी" म्हणालं. "कोणाचं काही राह्यलं का?" गोकर्णाबाई पायरीवरून ओरडली, "माही जवानी राह्यली जंक्शनले, आणता का?" तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा डब्यात मी होते. मीही काहीतरी उत्तर दिलं.

मग मी गोकर्णाबाईच्या काठ्यांची मोळी उचलली आणि उतरले. पोर बाकावर होती.

मोळी निंबाला टेकवली. बाया पुढे गेल्या होत्या, त्यांचे आवाज वळणापलीकडे ऐकू येत होते. मी घराकडे न जाता रुळांच्या कडेने मागे चालत गेले आणि आडव्यावर जाऊन बसले, गाडीकडे पाठ करून. समोर बोबड्यांचं वावर, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, भुईला भेगा. माझे दोन्ही हात रिकामे होते. इतक्या दिवसांनी ते रिकामे होते की कुठे ठेवावेत ते मला कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. मागे इंजिनाने शिट्टी दिली.

मी वळून बघितलं नाही. त्यापुढचं मला काही माहीत नाही, कारण मला झोप लागली.

जाग आली ती कोणाच्या तरी बोलण्याने. बोलणं नव्हतं ते. कोणीतरी अगदी हळू, एका सुरात गावांची नावं घेत होतं.

"खैरगव्हाण… बोरटेक… वाघझिरा… सोनखांब… पिंपळटेक… जंक्शन." मग थोडं थांबून उलट. "जंक्शन… पिंपळटेक… सोनखांब…"

मला वाटलं मी गाडीत आहे. माहेरी चालले आहे. डोळे उघडले तर अंगावर सावली. आडव्याच्या थाळीपासून शेजारी रोवलेल्या एका काठीपर्यंत कोणीतरी पातळ बांधलं होतं, आणि मी स्लीपरवर चक्क आडवी होते, उशाला एक घडी. उन्हं पार कलली होती. तोंडात मातीची चव.

मी उठून बसले, आणि मग मला आठवलं.

कसं सांगू. छातीत दूध भरून आलं होतं, चोळी भिजली होती. मी रुळांकडे बघितलं. रूळ मोकळे असणार, लांबपर्यंत, असं मला वाटलं होतं. पण दहा पावलांवर डबा उभा होता.

डबा उभा होता आणि त्यात शेवया टांगलेल्या होत्या.

त्या मी स्वतःच्या हातांनी काढल्या होत्या. काठ्या मी निंबाला टेकवल्या होत्या. आता त्या पुन्हा बाकांवर आडव्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या झिरमिळ्या हलत होत्या. निंबाखाली दहाबारा उतारू बसले होते. कोणी शेंगा खात होतं, कोणी टोपीने वारा घेत होतं.

"शेवयांपायी गाडी थांबली," एक धोतरवाले बाबा शेजाऱ्याला सांगत होते. "असं कोन्या मुलखात आयकलं का तुम्ही?"

"बाई दारात आडवी पडली म्हन्ते," शेजारी म्हणाला. "वल्ल्या शेवया काढल्या तं तुटतीन, सुकल्याबिगर गाडी हालू देनार नाही म्हन्ते. गार्डबी भला मानूस. हात लावाची सोय नाही, म्हने."

"बाईच्या तोंडाले कोन लागन?"

डब्याच्या दारात गोकर्णाबाई पाय पसरून बसली होती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, आणि लगेच मान फिरवून उतारूंवर ओरडली, "काय पाहून राह्यले? शेवया कधी पाहल्या नाहीत का? मायनं खाऊ घातल्या नाहीत वाटते!"

नावांचा सूर तिच्या पाठीमागून, डब्याच्या आतून येत होता. तो थांबला. तायडे गार्ड शेवयांखालून वाकत दारापाशी आले, गोकर्णाबाईचे पाय ओलांडून जपून खाली उतरले. त्यांच्या हातांत गोधडी होती, आणि गोधडीत माझी पोर. जागी. रडत नव्हती. त्यांच्या शर्टाचं पितळी बटण तिने मुठीत धरलं होतं.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी हात पुढे केले नाहीत. मला ते करता येईनात.

"सूनबाई," ते म्हणाले. आवाज असा, जणू डब्यातच आहेत आणि साडेतीनच वाजलेत. "मघाशी मी इचारलं व्हतं. इंजिनाच्या आवाजात तुमचं उत्तर मले नीट आयकू आलं नाही. म्हणून परत इचारतो. तुमचं काही राह्यलं का डब्यात?"

इंजिनाचा आवाज नव्हता. ते मी आज लिहून ठेवते. धक्का बसून पाच मिनिटं झाली होती, डब्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तिसऱ्या वेळी ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. पोर बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुद्दाम हाक मारून विचारलं, "सूनबाई, तुमचं?" आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले होते, "नाही जी."

मी विसरले नव्हते. काय विचार केला होता तेही मला आठवतं. जंक्शनला तिचा बाप आहे. कोणीतरी उचलेलच. कोणीही उचललं तरी आजची एक झोप मिळेल. एवढाच विचार, त्याच्यापुढचा एकही नाही. पुढचं काही दिसायला डोक्यात जागाच नव्हती.

"सूनबाई?" तायडे गार्ड उभेच होते. उतारू बघत होते. गोकर्णाबाई एकाएकी काठ्यांशी खडखड करू लागली.

"हो जी," मी म्हणाले. "माही पोरगी राह्यली."

"हां," ते म्हणाले. "मंग घ्या."

कोणाची छत्री परत करावी तशी त्यांनी ती माझ्या हातात दिली. तिने बटण सोडलं नाही. त्यांना वाकून तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "लय हुशार हाये," ते म्हणाले. "सगळी ठेसनं पाठ झाली तिले. दोनदा म्हटल्यावर झोपली, तिसऱ्यांदा उठून तपासून पाह्यलं मी कुठं चुकतो का." मग मागे वळून ओरडले, "गोकर्णाबाई! वाळल्या का तुमच्या शेवया?"

"वाळल्या जी, वाळल्या! केवढी घाई तुमची!"

अर्ध्याअधिक ओल्याच होत्या. तिने त्या भराभर ओढल्या, तुटल्या तशा तुटू दिल्या आणि पदरात गोळा केल्या. हिरवं निशाण हललं. पाच वाजून गेले होते.

आम्ही दोघी घराकडे निघालो. पोर पदराखाली पीत होती. अंगणात बाई काठी टेकून उभ्या.

"एवढा येळ? मी इकडं जीव टांगून बसली."

"माह्या शेवयांपायी, बाई," गोकर्णाबाईने मला बोलूच दिलं नाही. "गार्डासंग भांडण झालं माहं. ही तुमची रतन साक्षीले थांबली. आन् आयका, उद्यापासून दुपारी ही पोरगी माह्याकडे. मले घर खाले उठते. दोन तास ठेवीन, अन् दोन तास ही झोपन. तुमचं काही म्हणणं हाये?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. केसांत भुसा, गालावर स्लीपरच्या लाकडाचे वळ. काय समजल्या, काय नाही. "माहं काय म्हणणं राहणार," म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी पाणी तापत ठेवलं. तापलं तेव्हा मी पुन्हा झोपले होते.

दुसऱ्या दिवसापासून गोकर्णाबाई खरंच यायची. दुपारी पोरीला उचलून घेऊन जायची, मी भुईवर पडायची आणि ती चार वाजता परत आणून माझ्या कुशीत ठेवायची. मी माणसात येऊ लागले. पोरीचं रडणंही महिनाभरात उतरलं. ते आपलं आपण उतरलं की माझी झोप झाल्यामुळे मला कमी ऐकू येऊ लागलं, देव जाणे. संध्याकाळी मीही ती ठेसनं म्हणायला शिकले.

पंधरा दिवसांनी वरून कागद आला. गाडी दीड तास का थांबली याचं कारण तायडे गार्डांनी जे लिहिलं होतं ते असं, की डब्यात शेवया वाळत होत्या आणि त्या वेळेत निघाल्या नाहीत. खोटं त्यात काही नव्हतं. हुकूम आला की उभ्या गाडीत तिकिटाशिवाय कोणी चढायचं नाही. एक माणूस येऊन दोन्ही डब्यांची दारं साखळी लावून बंद करायला शिकवून गेला. न्हाव्याची पायरी गेली. बोबड्यांचा म्हातारा दोन दिवस दारापाशी येऊन उभा राहिला आणि मग यायचा बंद झाला. बायांच्या निम्म्या शेवया करायच्या बाकी होत्या.

विहिरीवर ऐकायला मिळे.

"एकीच्या मूठभर शेवया अन् साऱ्या गावाची गाडी गेली."

"माहा तं दहा किलो गहू भिजवलेला घरात. आता वाळवू कुठी, हिच्या डोक्यावर?"

"वाळव नं," गोकर्णाबाई घागर कमरेवर घेत म्हणायची. "माह्या डोक्यावर केस कमीच झालेत. तेवढीच शोभा."

पण हसायला कोणी नसायचं. त्या चैत्रात तिच्याकडे बसायबोलायचं सोडाच, ताकासाठीसुद्धा कोणी आलं नाही. एकदा मी बादली खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं. तिने दोराआडून माझ्या मनगटाला धरलं, चांगलं दुखेल असं.

"झोप लागते का तुले आता?"

"लागते."

"मंग झालं. ओढ दोर."

तायडे गार्ड दिवाळीनंतर निवृत्त झाले. जायच्या दिवशी गाडी सुटताना ते पायरीवर उभे होते, आणि सवयीने, तिकिटाशिवाय आता कोणी चढत नसतानाही, त्यांनी मोठ्याने विचारलं, "कोणाचं काही राह्यलं का?" फलाटावर मी पोरीला कडेवर घेऊन उभी होते. मी मान हलवली, नाही. त्यांनी निशाण दाखवलं.

याला दहा वर्षं होतील. पोरगी पाचवीत आहे. मागच्या वर्षी धाकटा झाला. तो झोपतो, उगाच रडत नाही, आणि रडला तर मला ठेसनं येतात. आम्ही आता जंक्शनलाच राहतो. गोकर्णाबाईने मात्र शेवया करणं सोडलं नाही. दर वर्षी चैत्र संपता संपता कोणाच्या तरी हाती पुडकं येतं. अंगणात पातळाच्या आडोशाने वाळवलेल्या असतात, समोरून बैलगाड्यांचा रस्ता जातो. कितीही झटकल्या तरी त्यांत धूळ असतेच.

परवा खीर केली. पोरीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, कचकच लागते. थुंकू?"

"थुंक."

ती न्हाणीत जाऊन चूळ भरून आली आणि माझ्या वाटीकडे बघत राहिली. "तुझ्यातपण असेल ना? तू का नाही थुंकत?"

धाकटा झोळीत हलला. मी एका हाताने झोका दिला, आणि दुसऱ्या हाताने अजून एक चमचा घेतला. माझ्या दाताखाली बारीक काहीतरी फुटलं. मी ते गिळलं.